दोनशे कॉम्प्युटर आणि मेश्रामभाऊंची मराठी

हॉस्पिटलच्या आयटी डिपार्टमेंटला "आज सगळं छान चाललंय हं" असं सांगायला कोणी फोन करत नाही. फोन वाजला म्हणजे काहीतरी बंद पडलेलं असतं आणि पलीकडचा माणूस तापलेला असतो. अशी पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. पण गेल्या वर्षी जेवढे साठले, तेवढे आधीच्या चौदा वर्षांत मिळून नसतील!

झालं असं, की धंतोलीतल्या आमच्या हॉस्पिटलने दोनशे नवे कॉम्प्युटर घेतले. आणि आम्ही माणसं तीन. आमच्या हेड रश्मी मॅडम, मी, आणि मेश्रामभाऊ. मेश्रामभाऊ पंचावन्नचे. सक्करदऱ्याहून स्कूटरवर येतात, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर असतो. एक कॉम्प्युटर हाताने तयार करायला त्यांना अर्धा दिवस लागायचा, पण त्यांनी तयार केलेलं मशीन परत येत नसे.

मॅडम म्हणाल्या, "यावेळी स्क्रिप्ट लिहू. काय काय करायचं ते एकदाच लिहून द्यायचं. वायर लावली की मशीन स्वतःच नाव घेईल, सॉफ्टवेअर टाकेल, प्रिंटर जोडेल."

"लिहीन कोण?" मेश्रामभाऊ.

"एआय असिस्टंट आहे ना!"

* * *

पहिले तीन दिवस मी एआयशी इंग्रजीत बोललो. एका ओळीत सांगायचो, ते चार पानं द्यायचं, आणि ती चार पानं चालायची नाहीत. मी चिडून आणखी छोटी ओळ लिहायचो.

चौथ्या दिवशी मेश्रामभाऊ म्हणाले, "सरक गा जरा." आणि दोन बोटांनी टाइप करायला बसले: "हे पाय भाऊ, आधी कॉम्प्युटरचं नाव ठेवजो. मंग प्रिंटर पाहाजो. प्रिंटर नाही सापडला तं तिथंच अडून नको बसू, पुढं जाजो. पण काय राहिलं थे मले लिहून ठेवजो."

अशा दोन पानं सूचना. स्क्रिप्ट आली आणि पहिल्या फटक्यात चालली!

मी बघतच राहिलो. मेश्रामभाऊ उठता उठता म्हणाले, "तू त्याले हुकूम सोडून राहिला होता. मी त्याले समजावून सांगितलं."

* * *

नाव ठेवण्यावरून आठवलं. प्रसूती वॉर्डात चार कॉम्प्युटर होते. स्क्रिप्टनं त्यांना इंग्रजीत वॉर्डाचं लांबलचक नाव आणि पुढे एक, दोन, तीन, चार असे नंबर द्यायचे होते. पण कॉम्प्युटरच्या नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा असते आणि आमचं नाव भरलं सोळा. स्क्रिप्टनं शेवटचं अक्षर, म्हणजे नेमका नंबरच, कापला. चारही मशीनचं नाव एकच झालं. पहिलं नेटवर्कवर आलं, बाकीची तीन दारातच अडली.

वॉर्डाच्या इन्चार्ज लता सिस्टरांचा फोन आला. मी त्यांना खरं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या,

"भाऊ, आमच्याकडं जुळे होतात, एकदा तिळे बी झाले होते. पण सगळ्या लेकरायचं नाव एकच, असं आजवर कोणी ठेवलं नाही जी!"

* * *

प्रिंटरची चूक मात्र माझी. एआयनं विचारलं होतं, "प्रत्येक मजल्याचा प्रिंटर वेगळा ठेवायचा का?" मी घाईत होतो, न वाचता पुढे गेलो. परिणाम असा, की तिसऱ्या मजल्यावरच्या पेशंटांचे डिस्चार्ज कागद तळमजल्यावरच्या किचनमध्ये छापले जाऊ लागले. तिथे खरं तर कोणाला मऊ भात, कोणाला बिनमिठाचं, अशा चिठ्ठ्या निघतात.

तासाभरानं किचनमधल्या शेवंताबाई कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या दारात उभ्या.

"साहेब, आज काय रांधावं थेच समजून नाही राहिलं. एकात लिहिलं, टाके काढणे. दुसऱ्यात लिहिलं, पाय उंच ठेवणे!"

* * *

एकदा रिसेप्शनवर भर सकाळी, ओपीडीची रांग दाराबाहेर गेलेली असताना स्क्रिप्टनं कॉम्प्युटर रीस्टार्ट केले. विचारलं नाही, सांगितलं नाही. स्क्रीन काळे! रांगेत यवतमाळची माणसं, गडचिरोलीची माणसं, पहाटेच्या एसटीनं आलेली. मी तळघरातल्या आमच्या ऑफिसातून धावत वर गेलो. आता बोलणी खावी लागणार याची तयारी ठेवूनच.

रिसेप्शनवरच्या वैशालीनं तोवर वही काढून हातानं नावं लिहायला घेतली होती. समोर धोतर नेसलेले एक आजोबा होते. नाव विचारलं, गाव विचारलं, कुठे दुखतं विचारलं. आजोबांनी सगळं सावकाश सांगितलं, आणि मग म्हणाले, "बाई, थे बंद पडलं थे बरंच झालं वं. मी चौथ्यांदा येऊन राहिलो. आज तू मायाकडं पाहून बोलली."

वैशालीनं मान खाली घातली. मीही बोलणी न खाताच खाली आलो. पण खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

* * *

त्यानंतर स्क्रिप्ट सुधारली, आणि इतकी सुधारली की एका सकाळी आमचा चहा होईपर्यंत अख्ख्या मजल्याचे कॉम्प्युटर तयार झाले. मी टाळ्या वाजवल्या. मेश्रामभाऊंनी चहा अर्धा सोडला.

दुपारी बघतो तर ते एआयला विचारत होते, "भाऊ, माही नोकरी जाईन का?"

उत्तर आलं लांबलचक. नवी कौशल्यं, बदलत्या भूमिका, अनुभवाचं महत्त्व, वगैरे. मेश्रामभाऊंनी चष्मा पुसून ते शेवटपर्यंत वाचलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"लय मोठं उत्तर देलं. म्हणजे त्याले बी माहीत नाही."

* * *

दुसऱ्याच आठवड्यात एक्स-रे विभागातली सहा मशीन स्क्रिप्टला दादच देईनात. एआयला विचारलं, तर त्यानं संभाव्य कारणांची यादी दिली. बरोबर अकरा. मी आणि मॅडम एकेक तपासत बसलो. सातव्या कारणापर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मेश्रामभाऊ स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन परत आले. ते कधी गेले, हेच आम्हाला कळलं नव्हतं.

"बारावं लिहून घ्या," ते म्हणाले. "नेटवर्कच्या डब्याचा प्लग काढून कोणीतरी तिथं मोबाइल चार्जिंगले लावला आहे."

मॅडम खो खो हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "मेश्रामभाऊ, आजपासून नियम. तुम्ही वाचून, जागेवर जाऊन बघून हो म्हटल्याशिवाय एकही स्क्रिप्ट चालवायची नाही. मी तसं लेखी देते."

 त्या दिवशी मेश्रामभाऊ चहा पूर्ण प्यायले.

* * *

शेवटचा किस्सा. स्क्रिप्ट प्रत्येक स्क्रीनवर हॉस्पिटलचं बोधचिन्ह लावायची. डायलिसिस विभागात काम सुरू होणार, तर तिथल्या कल्पना सिस्टरांचा फोन. "आमच्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरवरचा फोटो नव्यावरही तोच ठेवा, बदलू नका जी."

मेश्रामभाऊ वर गेले. फोटो होता राखीच्या दिवशीचा. डायलिसिसचे सहा पेशंट, सगळ्यांच्या हातात राख्या, मधोमध सोनटक्के काका हसताहेत. काका सहा वर्षं आठवड्यातून तीनदा यायचे, ठरलेली खिडकीजवळची खुर्ची. दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्यासोबत बसणारे बाकीचे पाच जण अजून येतात, आणि आले की आधी त्या स्क्रीनकडे बघतात.

मेश्रामभाऊ खाली आले आणि टाइप करायला बसले. "बाकी सगळ्यायले लाव, या एकाले सोडून दे गा." एआयनं विचारलं, "अपवादाचं कारण लिहून ठेवू का? पुढे कोणाला प्रश्न पडू नये." मेश्रामभाऊंनी कारण दिलं आणि ते स्क्रिप्टमध्ये गेलं.

सहा महिन्यांनी तपासणीला पुण्याहून एक ऑडिटर आले. नीटनेटका, हसतमुख माणूस. स्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचत ते एका जागी थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "सोनटक्के काका इथे बसतात. फोटो बदलू नये."

"हे सोनटक्के कोण? स्टाफच्या यादीत दिसत नाहीत."

"डायलिसिसले असते," मेश्रामभाऊ म्हणाले.

"अच्छा. नियम असा आहे, की माणूस येत नसेल तर अपवाद काढून टाकावा लागतो. ते अजून येतात का?"

रश्मी मॅडमनी समोरचा कागद उगाचच सरळ केला. मी मेश्रामभाऊंकडे पाहिलं.

"येते न जी," मेश्रामभाऊ म्हणाले. "सोमवार, बुधवार, शनिवार."