वरची डावी दाढ

बाईंचा हात आधी उठायचा आणि तोंड मागाहून उघडायचं. पाठीत धपाटा बसला, की मग कारण कळायचं. "ताठ उभी राहा!" नाहीतर "नखं बघ कशी वाढलीत!" जामबागेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या व्यायाम शिकवायच्या. त्यांचा तळहात ज्यांनी खाल्ला नाही अशा मुली त्या शाळेत निघायच्या नाहीत. अशा एखाद्या बाई तुमच्याही शाळेत असतील, पण आमच्यासारख्या नसतील, हे मी पैजेवर सांगते.

एकदा कोठीच्या बसथांब्यावर एकानं आमच्या वर्गातल्या मुलीला चिमटा काढला. बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी त्याची बोटं धरून उलटी वाकवली, आणि तो गुडघ्यांवर आल्यावर चपलेनं त्याचं थोबाड फोडलं. नाकातून रक्त यायला लागलं. "बोल, कौन सा हात था?" त्या विचारत होत्या. तो बिचारा दाखवणार कसा, हात तर बाईंच्याच मुठीत होता! मग त्यांनीच सोडावाल्याकडून पाणी मागून त्याचं नाक धुतलं. "जा, घरकू जा. माँ पूछी तो सच बोल."

दुसऱ्या दिवशी मैदानावर आम्हाला मनगट सोडवायला आणि मुरगळायला शिकवलं. प्रयोगासाठी माझं मनगट घेतलं होतं. ते निळं पडलं, पण धडा लक्षात राहिला.

श्रावणात तर विचारूच नका. मराठवाड्यातून आलेलं बाईंचं शेतकरी घराणं, महिनाभर कांदा-लसूणसुद्धा बंद. एका श्रावणात माझ्या डब्यात उकडलेलं अंडं निघालं. डबा खिडकीबाहेर गेला आणि मी वर्गाबाहेर.

पुढे मी दातांची डॉक्टर झाले आणि गौलीगुड्यात छोटा दवाखाना टाकला. निवृत्त झालेल्या बाई मागच्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलत्या मुलाची बायको माहेरी निघून गेलेली, त्याची नोकरीही सुटलेली; तो दिवसभर घरीच असायचा. बाई भाजी आणायला निघाल्या की माझ्या दारात थांबायच्या आणि फर्मान सोडायच्या. "हा पडदा मळलाय, काढून टाक." "ते दात दाखवणाऱ्या बाईचं चित्र काढून टाक, भुतासारखी हसते." मी हौ हौ म्हणायची आणि काहीच काढायची नाही.

एका सोमवारी त्या गालाला रुमाल लावून आल्या आणि सरळ खुर्चीत बसल्या. "वरची डावी दाढ. काढून टाक."

"आधी बघू तरी द्या, बाई."

"बघायचं काय? दुखते म्हणून आले ना? बाता नक्को."

थंड पाण्यानं कळ थेट डोक्यात जाते म्हणाल्या. कीड दिसेना, हिरडीही चांगली. फोटो काढला, तर तोही साफ. "फोटोत दिसत नाही म्हणजे दुखत नाही का?" म्हणून मला झापलं. मग मी त्या दाढेखाली लाकडी काडी ठेवली आणि चावायला सांगितलं. चावताना काही झालं नाही. दात उचलले मात्र, बाई किंचाळल्या आणि त्यांच्या लाथेनं माझा हत्यारांचा ट्रे उडाला. माझी मदतनीस "अय्यो!" करत भिंतीला चिकटली. आम्हा दातवाल्यांना ही लाथ ओळखीची असते. चावताना गप्प राहून सोडताना कळ मारते ती दाढ बहुधा तडकलेली असते. दिवा आडवा धरला, तर वरपासून हिरडीकडे गेलेली केसाएवढी चीर दिसली.

"कशानं झालं हो हे?"

"नल्लीचं हाड. परवा मटण केलं होतं, चोखताना कट्कन आवाज आला."

मी मान हलवली आणि गाल आतून बघितला. दातांच्या रेषेत मांस कापलेलं होतं. बाहेर गालावर पावडर होती. बाईंनी जन्मात कधी पावडर लावली नव्हती. पावडरीखाली निळं होतं. आणि बाहेर श्रावण चालू होता.

"बाई, श्रावणात मटण?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. माझ्या दवाखान्यात, माझ्या मदतनीस मुलीसमोर, मी चाळिशी ओलांडलेली बाई असताना! चष्मा कोपऱ्यात जाऊन पडला. मदतनीस पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पळाली. मी चष्मा उचलला आणि तिथंच उभी राहिले. मला राग आला नाही. भीती वाटली, कारण बाई घाईघाईनं गालावरची पावडर सारखी करत होत्या.

"उजव्या हातानं मारलं की डावी दाढ फुटते," मी म्हटलं. "घरात उजव्या हाताचा दुसरा कोण आहे?"

त्या म्हणाल्या, "पिऊन आला की त्याला कळत नाही गं. सकाळी पाया पडतो."

मी पोलिसांचं नाव काढलं. "नक्को. मी त्याला वाढवलाय." मग मी माझं काम केलं, दोन्ही रस्ते सांगितले. काढली तर आज सुटका, पण त्या बाजूनं चावणं कायमचं गेलं. ठेवायची तर आतली नस साफ करून वर टोपी बसवावी लागेल, तीन-चार खेपा होतील, पण दाढ जन्मभर टिकेल. चीर मुळापर्यंत गेलेली नव्हती. दाढ वाचण्यासारखी होती.

"टोपी बसवलीस आणि पुन्हा फुटली तर?"

"पुन्हा कशी फुटेल?"

त्या डोळे मिटून म्हणाल्या, "म्हणून म्हणते, काढून टाक."

मला रडू फुटलं. शेकडो मुलींना मनगट सोडवायला शिकवणारी ही बाई पुढच्या माराची सोय आत्ताच करून ठेवत होती. मी काढणार नाही म्हणून सांगितलं. चीर आणखी फाकू नये म्हणून दाढेभोवती कडं घट्ट बसवून दिलं, गोळ्या दिल्या आणि म्हटलं, "आठ दिवसांनी या. तेव्हाही हेच म्हणालात तर काढते. पण तोवर विचार करा." त्या गोळ्या घेऊन गेल्या. तो आठवडा मी कुठल्याच पेशंटशी धड बोलले नाही.

आठव्या दिवशी आल्या, तेव्हा गालावर पावडर नव्हती. उजव्या हाताला पट्टी होती.

"टोपी बसव," म्हणाल्या.

मग आपणहून सांगू लागल्या. "काल त्यानं हात उचलला. मी मनगट धरलं. वाटलं होतं, धरलं की थांबेल. नाही थांबला, हिसडे देऊन माझाच हात लचकवला. मग मुरगळलं. हाड मोडल्याचा आवाज झाला गं. माझ्याच पोराचं हाड." त्याला रिक्षात घालून प्लास्टर करायला त्याच घेऊन गेल्या होत्या. रस्ताभर तो आई आई करत होता. तिथून त्याला विद्यानगरला मावशीकडे सोडलं आणि घरी येऊन कुलूप बदललं. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि आवाज मैदानावरच्यासारखा खणखणीत होता. मला फार आनंद झाला. एका आईनं मुलाचं हाड मोडल्याचा आनंद होऊ नये म्हणतात, पण मला झाला.

दातासारखी दिसणारी टोपी दाखवली, तर हात झटकला. "शोभेची नक्को. मजबूत दे." धातूची दिली.

पुढे मुलगा दर रविवारी जेवायला यायचा. बाई त्याला पोटभर वाढायच्या, पण तो घरात असेपर्यंत खाली बसायच्या नाहीत. उभ्यानंच वाढायच्या, उभ्यानंच बोलायच्या.

गेल्या वर्षी बाई झोपेतच गेल्या. मी पोचले तेव्हा मुलगा गंगाजलाचा चमचा आणि तुळशीचं पान घेऊन बसला होता आणि बाईंचं तोंड उघडत नव्हतं. जबडा आवळून बसला होता. गल्लीतल्या जुन्या माणसांनी प्रयत्न करून पाहिला. मग कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरीणबाई, तुम्ही बघा." मी दोन्ही हातांची बोटं कानांखाली टेकवली आणि हळूहळू दाबत राहिले. तोंड उघडलं. वर डावीकडे टोपी होती, बसवली त्या दिवसासारखी, ओरखडासुद्धा नव्हता.

मी कुठं बघते आहे ते मुलानं पाहिलं. चमच्यातलं पाणी सांडलं. त्यानं पुन्हा भरून घेतलं.

"ती दाढ," तो हळूच म्हणाला, "नंतर दुखली का तिला?"

"नाही," मी म्हटलं. "घाल पाणी."