शुक्रवारचा वर्ग

सकाळची शाळा सुटली की घरी जाऊन पडावंसं वाटायचं, आणि नेमका तेव्हाच मोठ्या बायकांचा साक्षरता वर्ग सुरू व्हायचा. मी भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मुलं गेली की त्यांच्याच बुटक्या बाकांवर बायका गुडघे आवळून बसायच्या. हे काम मी मागून घेतलं नव्हतं. माझं घर जवळ होतं, एवढ्यावर ते माझ्या गळ्यात पडलं.

भिंतीपलीकडे लूम, म्हणजे यंत्रमाग, चालतात. त्यांच्या खटखटाटावर आवाज चढवून शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. दुपारपर्यंत घशात काही उरत नसे. मग फळ्यावर अक्षर लिहायचं, पट्टीने दाखवायचं आणि बायकांनी ते एका सुरात म्हणायचं, असं चालायचं. अक्षरं त्यांना येऊ लागली, पण वाचन काही येईना.

त्यांच्यात एक ताई होती. पन्नाशीला आलेली, गणेशपुरीकडच्या खेड्यातली. लग्न होऊन भिवंडीत आली आणि लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली, ती अनेक वर्षं तेच करत राहिली. तिला सगळी अक्षरं ओळखता यायची. एकदा मी फळ्यावर लिहिलं, ‘भाकर’.

“भा. क. र,” तिने म्हटलं.

“मग काय झालं?”

“तीन अक्षरं झाली, बाई.”

पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा भा, क, र. रोज दोन्ही वेळा जी थापायची, ती तिला त्या तीन आवाजांत ऐकूच येत नव्हती. मी बोलायला लागले की ती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी फळ्याकडे वळले की गप्प व्हायची. वर्ग सुटल्यावर तिला थांबवून विचारलं, “ताई, कमी ऐकू येतं का?”

“तसा येतो. पन लूम चालू असला की सगला सारकाच लागतो. क काय नि ख काय.” पुढे म्हणाली, “माझा बरा हाय, बाई. घरात मानूस हाय, त्याला तर काईच ऐकू येत न्हाय.”

तिच्या नवऱ्याने जन्मभर लूम चालवले होते. आता कान पूर्ण गेले होते. तो लहानपणी चौथीपर्यंत शिकलेला, त्यामुळे दिवसभर पेपर वाचत बसायचा.

“मी वरडते तवा शेजारी ऐकतात, त्यो न्हाय ऐकत. म्हटला, लिवाया शिकावा. लिवून दावला तर कलेल त्याला.”

म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी बोलता यावं, म्हणून ही बाई वर्गात येत होती. ते ऐकून मला काही सुचलं वगैरे नाही. उलट आणखी थकायला झालं.

वर्गात सगळ्यात वयस्कर होत्या त्यांना सगळ्या खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या. त्यांचं घराणं गावातलं जुनं, एके काळी त्यांचे स्वतःचे लूम होते. माझा बसलेला आवाज ऐकून त्या म्हणाल्या, “शुक्रवारी ठेव ना वर्ग. जुम्म्याला लूम बंद असतात, तुझा गळा तरी वाचेल.”

शुक्रवारची दुपार तेवढी माझी होती. तीही गेली.

पहिल्या शुक्रवारी गल्ली इतकी शांत होती की भांडी घासल्याचा आवाज येत होता. फळ्यापाशी उभं राहायचं त्राण नव्हतं. मी खुर्ची बायकांमध्ये ओढली, ताईला तिचा त्यातल्या त्यात बरा कान माझ्याकडे येईल असं बसवलं आणि म्हटलं, “पुस्तकं मिटा. आज नुसतं ऐका.” हरवलेली शेळी लग्नाच्या मांडवात शिरून हार खाते, असा एक धडा होता. तो साध्या आवाजात वाचला. बायका हसल्या. मग म्हटलं, आता तुम्ही सांगा.

ताईने सांगितला. तिच्या बोलीत, हातवारे करत, धड्यात नसलेल्या नवरीच्या मावशीला शेळीमागे धावायला लावून. मी धडा पुन्हा वाचला आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. तिने बोट ठेवलं.

“शेली... मांडवान... व्हती.”

तिने ओळ वाचली होती.

“होती लिहिलंय तिथे,” शेजारून खाला म्हणाल्या.

“मंग मी काय म्हनले? व्हती.”

“होती, होती. बघ, पहिलं अक्षर कोणतं आहे?”

दोघी त्या एका शब्दावर वाकल्या. एक म्हणायची, दुसरी कान द्यायची, मग अक्षराकडे बघायच्या. मी मध्ये पडले नाही. अक्षरात आवाज असतो आणि तो शोधता येतो, हे त्या खोलीत मी पहिल्यांदा बघत होते.

घरी जाताना विचार करत होते. पुस्तकातली मराठी या बाईच्या कानावर कधी पडली होती? माहेरी वेगळी बोली, कारखान्यात हिंदी, टीव्हीवर हिंदी. तिला आजवर कुणी काही वाचून दाखवलेलंच नव्हतं. मग पुढचा शब्द काय येणार, हे तिला कुठून कळावं? त्यानंतर दर शुक्रवारी आधी वाचून दाखवायचं, मग त्यांनी सांगायचं, मग टाळ्या वाजवत शब्द फोडायचा आणि शेवटी पुस्तक. प्रगती मुंगीच्या पावलांनी होती. काही बायका कंटाळून गेल्या. मीही पुष्कळदा वाचताना पेंगले. खाला कोपराने ढोसायच्या.

मग एका शुक्रवारी ताई रागातच आली.

“लिवला मी त्याला, पाटीवर. चहा टेवलाय. तर म्हनतो, ट न्हाय, ठ पायजे. चा गार झाला, पन त्यो माना ठ शिकवीत बसला!”

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी विचारलं, “आणखी काय लिहिलंस?”

“काय लिवनार? जेवला का, म्हून लिवला. म्हटला, जेवलो.” आणि मग हळू आवाजात, “लय दिसांनी नीट बोलला, बाई.”

पुढे तिला एका गोदामात पॅकिंगची ड्युटी लागली आणि तिचं येणं थांबलं. खारबावचा रस्ता धरून तिकडे जावं लागे, दिवस त्यातच जायचा. वर्ग अजून चालतो, चार-दोन जणी येतात. परवा बाजारात ताई भेटली. दोघींच्या हातात पिशव्या, दोघी घामाघूम. विचारलं, घरी कसं चाललंय?

“आता त्योच लिवतो, बाई. तोंड हाय, तरी लिवतो.”

“का?”

“म्हनतो, माझा आवाज माना ऐकू येत न्हाय, तवा मी वरडतो का काय ते कलत न्हाय. लिवला की तू दचकत न्हाईस.”

तिची रिक्षा भरत आली होती. ती घाईने आत सरकून बसली, आणि मी भाजीवाल्याकडे वळले.