अर्धे घर नको, बाजार दाखवा

मला फसवले ते आमच्याच मोहल्ल्यातल्या एजंटाने. मेलबर्नला कुकरी शिकवणाऱ्या एका कॉलेजात त्याने मला घातले आणि वर्षाच्या आत त्या कॉलेजला कुलूप लागले. तेव्हा अशी कॉलेजे दुकानांच्या माड्यांवर उगवत होती. हे बुडणार, हे त्याला ठाऊक होते. स्वतःचा भाचा त्याने आधीच दुसरीकडे हलवला होता. आता नवीन कॉलेज मिळाले नाही तर माझा व्हिसा जाणार होता, आणि अब्बांनी होडी विकून मला पाठवले होते.

पण चीड वेगळ्याच गोष्टीची. अब्बांना पटवताना त्याने आमच्या ओट्यावर बसून हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांची हकिकत सांगितली होती. मक्का सोडून ते रिकाम्या हाताने मदिनेला आले. पैगंबरांनी त्यांना तिथल्या हजरत साद यांचे भाऊ ठरवले, आणि साद म्हणाले, माझ्याकडचे अर्धे तुझे. "पोराला तिथे असेच भाऊ भेटतील," एजंट म्हणाला. अब्बांचे डोळे भरून आले.

म्हणून शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर एक टॅक्सीवाले हैदराबादी चाचा शेजारी बसून म्हणाले, "मियाँ, घर में दो कमरे हैं, एक तुम्हारा," तेव्हा माझे डोकेच फिरले. फुकट देणारा काहीतरी न्यायला आलेला असतो, हे मी मासळीबाजारात लहानपणीच शिकलो होतो. हजरत अब्दुर्रहमान यांनी सादांना दिलेले उत्तरच मी चाचांच्या तोंडावर फेकले, "अल्लाह आपके माल में बरकत दे. मुझे बस बाज़ार का रास्ता दिखाओ."

चाचा हसले. "चलो, वो रास्ता भी आता है."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला भाजीच्या घाऊक बाजारात नेले. व्यापाऱ्याने विचारले, हा कोण? चाचा म्हणाले, "भाई है. गड़बड़ करे तो मुझे पकड़ना." मला काम मिळाले, त्या पैशातून नवे कॉलेज मिळाले, व्हिसा वाचला. मी मात्र चाचांवर पाळत ठेवून होतो. कमिशन मागतील, भाडे मागतील. मुलगी गळ्यात बांधायची असेल, असेही वाटले. त्यांना मुलगीच नव्हती.

शेवटी एकदा त्यांच्या घरी जेवायला बसलो असताना विचारले, "चाचा, आपको चाहिए क्या?"

"इतना हिसाब मत लगा, बेटा. खाना ठंडा हो रहा है."

जेवता जेवता मला उमगले. हजरत अब्दुर्रहमान यांनी अर्धे नाकारले, पण सादांच्या हेतूवर शंका घेतली नाही. आधी मनापासून दुवा दिली. माझी दुवा नुसती ओठांवर होती. त्याच आठवड्यात मी ती खोली घेतली. देणारा अल्लाह, कोणाच्या हातून द्यायचे, हे ठरवणारा मी कोण? शुक्र आहे त्याचा.

पण एजंटसाहेब, मी अल्लाहवर भार टाकला म्हणजे तुला माफी मिळाली असे नव्हे. तू अजून ओट्याओट्यांवर तीच हकिकत सांगून पोरे पाठवतोस, असे ऐकतो. येत्या जुम्याला अब्बांसमोर उभा राहा आणि मशिदीतल्या साऱ्या जमातीला ऐकू जाईल असे सांग: हजरत सादांचे नाव तू कोणत्या तोंडाने घेतलेस?