हरण्यासाठी निवडलेला संघ

"बाकी सगळं त्यांच्या मनासारखं होऊ द्या, पण लग्न नागपुरातच," असं तिसऱ्यांदा बजावून सुनंदाने संत्रा बर्फीचे चार डबे माझ्या हातात कोंबले आणि मी विमानतळाच्या दारातून आत शिरलो. साल दोन हजार एकवीस, सप्टेंबरची अखेर. मी एकटाच निघालो होतो, कारण आम्हा नवराबायकोच्या लशी वेगळ्या निघाल्या. मी ज्या केंद्रावर रांग लावली तिथली लस आयर्लंडला चालत होती. सुनंदा मैत्रिणींबरोबर दुसऱ्या केंद्रावर गेली, तिथली चालत नव्हती. जी बाई मला एकट्याला भाजी आणायला पाठवत नाही, तिच्यावर मला मुलीच्या लग्नाची बोलणी करायला सातासमुद्रापार पाठवायची वेळ आली. काय म्हणावं आता!

आमची एकुलती एक मुग्धा डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि शहराच्या कडेला, ओंगार नावाच्या वस्तीत राहते. सारख्या दिसणाऱ्या विटकरी घरांच्या रांगा, पुढे गवताचे चौकोन आणि दर चौथ्या दारात ओळखीच्या फोडणीचा वास. पहिल्याच सकाळी फिरायला निघालो आणि घर हरवून बसलो. सगळी दारं सारखी, ओळखायचं कशावरून? शेवटी एका दारासमोर तुळशीची कुंडी दिसली, तिथली बेल वाजवली. आतून पुण्याच्या एक बाई आल्या. त्यांनी मला चहा पाजला, मुग्धाला फोन लावला आणि म्हणाल्या, "काका, लाजू नका. माझे सासरे दोनदा हरवलेत."

मुग्धाचा होणारा नवरा कॉनर हा ॲथलोनचा. ॲथलोन म्हणजे देशाच्या बरोबर मधोमध, शॅनन नदीवर वसलेलं गाव. शनिवारी तो आम्हाला गाडीने घेऊन निघाला. दीड तासाच्या वाटेत पाऊस चारदा आला, चारदा गेला आणि कॉनरने एकदाही त्याची दखल घेतली नाही. दोन्ही बाजूंना हिरवंगार, मेंढ्या, दगडी कुंपणं. "लग्न कुठे करायचं ते तुम्ही आणि डॅड ठरवा," गाडी चालवताचालवता तो म्हणाला. मुग्धाही मागून म्हणाली, "हो बाबा. आम्ही दोघांनी सहा महिने डोकं फोडलं, आता तुम्ही बघा."

म्हणजे गळ्यातलं लोढणं काढून माझ्या गळ्यात!

माझे व्याही पॅट हे सत्तरीचे, उंच, लाल चेहऱ्याचे. बायको वारलेली. गावाबाहेरच्या घरात ते आणि त्यांची ब्याण्णव वर्षांची आई असे दोघेच राहतात. आईंना सगळे नॅन (आजी) म्हणतात. पॅटने ऐन उमेदीची अकरा वर्षं अमेरिकेत, बोस्टनला गवंडीकाम करण्यात घालवली. तिथून ते दोन गोष्टी घेऊन परतले : दुखरे गुडघे आणि बेसबॉल. मी त्यांना बर्फी दिली, त्यांनी मला घरचा ब्राऊन ब्रेड आणि त्यावर बोटभर लोणी. मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा क्रिकेटचा स्कोअरर होतो हे कळल्यावर तर त्यांनी खुर्चीच पुढे ओढली.

"मग तुम्हाला हे कळेल," म्हणत त्यांनी फ्रिजवरचा तक्ता काढून टेबलावर पसरला.

अमेरिकेतल्या तीस संघांमधून दहा संघ प्लेऑफला पोचतात, म्हणजे बाद फेरीत. ते एकमेकांना बाद करत जातात आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या तोंडाशी एकच उरतो. कोण पोचणार आणि शेवटी कोण जिंकणार, याचा अंदाज आधीच पेन्सिलने लिहून ठेवायचा. अर्ध्या तासात मला सगळं समजलं, हे मी आत्मस्तुती म्हणून नव्हे तर नोंद म्हणून सांगतो.

"आमच्या घरचा एक रिवाज आहे," पॅट म्हणाले. "वर्षभर जो वाद मिटत नाही, तो आम्ही ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवतो. ज्याने विजेता बरोबर ओळखला, त्याचा शब्द शेवटचा. पुढच्या दाराच्या रंगावरून तीन वर्षं भांडण चाललं होतं. ते असंच मिटलं."

"आणि कोणालाच ओळखता आला नाही तर?"

"तर घरमालकाचा शब्द. म्हणजे माझा," ते हसले. "यंदा वाद एकच आहे. मी जिंकलो तर लग्न ॲथलोनला, तुम्ही जिंकलात तर नागपूरला. मंजूर?"

पुढचं दार भडक पिवळं होतं हे मी येतानाच पाहिलं होतं, म्हणजे हे लोक निकाल पाळतात. मी मंजूर म्हटलं. मुलीकडची बाजू असून बरोबरीने पैज लावायला मिळतेय, माझ्या अंगावर तर मूठभर मांस चढलं. मनात सुनंदाचा चेहरा आणला आणि ठरवलं, आता असा अभ्यास करायचा की बोस्टनच्या गवंड्याने तोंडात बोट घालावं.

पॅट चुलीसाठी लाकडं आणायला बाहेर गेले आणि मुलं त्यांच्या मदतीला. खिडकीपाशी बसलेल्या नॅनने मला बोटाने खूण केली. "तो प्रेस उघडा," त्या म्हणाल्या. प्रेस म्हणजे कपाट, हे मुग्धाने आदल्या दिवशी शिकवलं होतं. उघडलं. आत एक गोल खोका होता आणि खोक्यात तलम कागदात गुंडाळलेली टोपी. जांभळी, रुंद काठाची, बाजूला एक करडं पीस. इकडे लग्नाला बायका टोपी घालतात.

"नातवाच्या लग्नासाठी घेतली," नॅन म्हणाल्या. "लॉकडाऊनच्या आधीच. तेव्हा या दोघांनी मला अजून सांगितलंसुद्धा नव्हतं. पण मला दिसत होतं ना."

"छान आहे," मी म्हणालो. "नागपूरला हिवाळ्यात ऊन छान असतं, टोपी लागेलच."

"छे हो, मला डॉक्टरांनी विमान बंद केलंय." त्यांनी टोपीवरची नसलेली धूळ झटकली. "ते ग्रँड आहे. तिकडे झालं तर कॉनर फोनवर दाखवणार आहे मला सगळं. मी टोपी घालून इथेच खुर्चीत बसेन."

ग्रँड म्हणजे इथे 'ठीक आहे, चालेल, माझी काळजी नको', सगळं एकातच. मला एकदम भरून आलं. ब्याण्णव वर्षांची बाई, एकुलता एक नातू, आणि ही फोनसमोर टोपी घालून बसणार! मी खोका बंद करून कपाटात ठेवला.

तेव्हाच मी हरायचं ठरवलं.

सरळ सांगता आलं असतं की, लग्न इथेच करू. पण मग नागपूरला जाऊन सुनंदाला काय सांगणार? तिने कार्यालय पाहून ठेवलेलं, मामेबहिणींना साड्यांचे रंग वाटून दिलेले. मी भित्रा माणूस आहे, खोटं कशाला बोलू? पैज हरलो तर 'अगं, त्यांचा रिवाजच तसा, मी काय करणार' असं म्हणून मोकळा. म्हणून तक्ता पुढे ओढला आणि अठ्ठावीस वर्षांचं स्कोअररचं ज्ञान पणाला लावून, जिंकायची शक्यता सगळ्यांत कमी असलेला संघ शोधायला बसलो. बाद फेरीत पोचलेल्यांपैकी ज्याचे विजय सगळ्यांत थोडे होते, तो संघ अटलांटाचा. विजेत्याच्या चौकटीत मी ठळक अक्षरांत अटलांटा लिहिलं.

पॅटने तक्ता पाहून भुवया उंचावल्या. "अटलांटा? नक्की?"

"स्कोअररची नजर आहे," मी म्हणालो.

त्यांनी स्वतः बोस्टन लिहिलं. बोस्टनचं पोचायचंही अजून नक्की नव्हतं, पण ते दरवर्षी बोस्टनच लिहितात असं कॉनर म्हणाला. दुसऱ्याच दिवशी बोस्टन कसंबसं आत पोचलं आणि पॅटचा फोन आला तेव्हा आनंद मला जास्त झाला होता.

सामने आपण झोपलेले असताना होतात, त्यामुळे ऑक्टोबरभर माझी सकाळ फोनवरच्या निकालांनी सुरू व्हायची. अटलांटाने पहिली फेरी जिंकली. असेल, म्हटलं, योगायोग असेल. मधल्या काळात पॅटने मला नदीकाठचा जुना मठ दाखवायला नेलं : दगडी क्रूस, उंच गोल मनोरा, गवतात वाकलेल्या कबरी आणि खाली संथ शॅनन. वाऱ्याने माझी छत्री उलटी केली, मग हातातून काढूनच घेतली आणि नदीत टाकली. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस बाहेर येऊन म्हणाला, "आज मऊ दिवस आहे." छत्री गिळणाऱ्या दिवसाला मऊ म्हणतात हे लोक!

मग एका शनिवारी सकाळी बोस्टन बाद झाल्याचं वाचलं, आणि लगेच रविवारी अटलांटा अंतिम फेरीत पोचल्याचं. आता समोर ह्यूस्टन. ह्यूस्टन जिंकलं तर कोणाचाच अंदाज बरोबर नाही, म्हणजे घरमालकाचा शब्द, म्हणजे ॲथलोन. मी आयुष्यात ह्यूस्टन पाहिलं नाही, पण त्या आठवड्यात माझ्याइतका ह्यूस्टनभक्त आयर्लंडात दुसरा नसेल. आंघोळीनंतर देवापुढे हात जोडताना मी काय मागतोय हे मुग्धाला कळलं असतं तर तिने मला डॉक्टरकडेच नेलं असतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, हॅलोविनला, आम्ही पुन्हा ॲथलोनला होतो. अंतिम फेरी सात सामन्यांची, चार जिंकेल तो विजेता; अटलांटाला आता एकच विजय हवा होता. चहाबरोबर बार्मब्रॅक आला. हा मनुकांचा गोडसर पाव. त्यात एक अंगठी भाजलेली असते. जिच्या किंवा ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्याचं वर्षात लग्न. मी मोठा घास घेतला आणि कटकन दाढ वाजली. अंगठी! नॅन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "घ्या, नवरदेव नक्की झाला! बायकोला कळवा."

"तिला कळवायच्या गोष्टी आधीच पुष्कळ साठल्यात," मी दाढ चाचपत म्हणालो.

सोमवारी सकाळी ह्यूस्टन जिंकलेलं दिसलं आणि मी ओंगारच्या स्वयंपाकघरात चक्क टाळी वाजवली. पण बुधवारी, माझ्या परतीच्या दिवशी, चहा गाळता गाळता फोन पाहिला. ह्यूस्टनला एकही धाव करता आली नव्हती. अटलांटा विजेता.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या धावा लिहिल्या, कधी अंदाज बरोबर आला नाही. एकदाच आला, आणि तोही चुकावा म्हणून केलेला! कपाळावर हात मारून घेतला मी.

पॅट विमानतळावर आले. फ्रिजवरचा तक्ता गुंडाळी करून आणला होता. मास्कवरचे त्यांचे डोळे हसत होते, पण आवाज जरा बसलेला. "शब्द म्हणजे शब्द, वसंत. नागपूर तर नागपूर. नॅनला मी सांगितलं सकाळी."

"काय म्हणाल्या?"

"ग्रँड म्हणाली."

त्या एका शब्दाने माझा सगळा भित्रेपणा उघडा पाडला. लपायला आता पैजही उरली नव्हती; जे काय म्हणायचं ते माझ्याच तोंडून म्हणावं लागणार होतं. मी पॅटच्या खिशातली पेन्सिल घेतली, तक्ता ट्रॉलीवरच्या बॅगेवर ठेवला आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं : लग्न ॲथलोनला, नॅनच्या घरापासून जवळात जवळ. आणि खाली सही केली, स्कोअरबुकात करतो तशी.

पॅटने ते दोनदा वाचलं. करोनाचे नियम विसरून त्यांनी मला असं कवटाळलं की चष्मा खाली पडला. मुग्धा मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा, आईला कोण सांगणार?"

"मी," म्हणालो. म्हणालो खरं.

दोन विमानं बदलून लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घरी पोचलो. दारात रांगोळी, आत चिवड्याचा वास. बूटसुद्धा न काढता मी सांगितलं, "सुनंदा, पैज जिंकलो. कुठे करायचं ते मी ठरवायचं होतं. मी ॲथलोन ठरवलं."

"काय सांगून राहिले तुम्ही!" तिच्या हातातली पणती तशीच राहिली. "जिंकून आले आणि देऊन आले? अन् मी कार्यालयवाल्याला काय सांगू?"

मग मी सगळं सांगितलं. खिडकीतली खुर्ची, कपाटातला खोका, फोनसमोर टोपी घालून बसणार होत्या ते. अटलांटा का निवडलं तेही सांगितलं, ती रागावली तर रागावो. ती ऐकत होती. तेल सांडेल म्हणून पणती खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि पाठ फिरवून देवघराकडे गेली. आतून पूजेची भांडी आपटल्याचा आवाज येऊ लागला. मी बूट काढले, बॅगा ओढल्या, पुन्हा दारात येऊन उभा राहिलो.

"पेपरात आलंय आज," आतून ती म्हणाली, "माझ्या लशीला जगाची मान्यता मिळाली म्हणून."

"हो का?" मी सावधपणे म्हणालो.

"हो." भांड्यांचा आवाज थांबला. "जांभळी म्हणजे कोणती जांभळी हो? वांग्याची की जांभळाची? नीट आठवून सांगा, मला साडी घ्यायचीय."