बबनमामा आणि नीरेकाठचं इंजिन

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नसरापूरला भोरच्या एसटीची वाट बघत उभी होते. रविवार होता, त्यांनाच भेटायला निघाले होते... एसटी आली, चढले आणि गाव येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले.

आमच्या गावाबाहेर नीरेच्या काठावर दगडी पंपघर आहे. त्यातलं वाफेचं इंजिन इंग्रजांच्या काळात सुटं करून बैलगाड्यांतून घाट ओलांडून आणलं आणि ते कित्येक वर्षं नदीचं पाणी वरच्या टाकीत चढवत राहिलं, असं मामा सांगायचे. त्यांचे वडील तिथं कोळसा टाकायचे. पुढे मामा तेलपाणी बघू लागले. विजेची मोटर आली, इंजिन थांबलं, मामा काही थांबले नाहीत. दर खंडेनवमीला चिंचेच्या कोळानं इंजिनाचे पितळी नळ घासायचे, मग झेंडूचा हार, नारळ. मामी म्हणायची, "माज्या डोरल्यापरीस त्या नळास्नी झळाळी लई!" कागदावर मात्र या इंजिनाचं काहीच नव्हतं. जे होतं ते मामांच्या डोक्यात.

गेल्या खंडेनवमीला मला शहाणपण सुचलं. फोटो काढून मोबाईलवर सगळीकडे पाठवला. म्हटलं, लोक बघतील, कुणीतरी हे जपेल. पंधरा दिवसांत कुलूप तोडून कुणीतरी सगळं पितळ कापून नेलं. करायला गेले एक अन् झालं भलतंच. मामा पंपघराच्या उंबऱ्यात बसून राहिले. "तुजी चूक न्हाई गं. घासलं तर म्याच." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. शेवटच्या भेटीत आपणहून म्हणाले, "इंजान कसं चालू करायचं ते लिवून घे. म्होरं कुणाला कळायचं न्हाई." हाताशी होतं ते औषधाचं पाकीट घेऊन मी लिहू लागले. "आदी बायलरात पाणी बगायचं. मंग जाळ, पर बेतानं, घाई केली की फुटतंय. मंग..." खोकल्याची उबळ आली. पाठ चोळत मी म्हणाले, "मामा, आता पडा तुम्ही. बाकीचं रविवारी सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

नंतर मी गावात सगळ्यांना विचारून पाहिलं. कुणालाच ठाऊक नाही. ते पाकीट माझ्या टेबलावर आहे. पाणी, जाळ, मंग... आणि पुढे कोरं.