भावकीतला नाठाळ

एकच धातू बदलायचा आणि बाकी स्फटिकाची ठेवण तीच राखायची, अशी संयुगं आम्ही प्रयोगशाळेत बनवायचो. त्या सगळ्यांना मिळून आमचं एकच नाव : भावकी. आणि भावकीत एखादा नाठाळ नसेल तर ती भावकी कसली! माझ्या वाट्याला नेमका तोच आला. थंड करत गेलं की अशा धातूसारख्या संयुगाचा विद्युतरोध गुमान कमी व्हायला हवा. हा पठ्ठ्या मध्येच उसळी मारायचा.

माझं म्हणणं, तिथं स्फटिकाची रचनाच बदलतेय. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "कसली रचना? वायर सुटली असेल." उसळी खरी निघाली, तर सर मला मुंबईला पाठवणार होते. तिथल्या हीलियमच्या थंडीत याचा रोध पार शून्यावर येतो का, म्हणजे हा अतिवाहक आहे का, ते कळलं असतं. खोटी निघाली, तर दुसरं संयुग घेऊन पहिल्यापासून सुरुवात. मला तर नुसत्या विचारानं धडकी भरायची.

वायर सुटली असेल तर सुटलेलीच राहणार. रचना बदलत असेल तर परत तापवताना उसळी मागे फिरणार. एवढंच दाखवायचं होतं आणि नेमकी थंड करायला लागणाऱ्या द्रव नायट्रोजनची गाडी आलीच नाही! मग आठवला पाचोडचा मामा. जनावरांचा डॉक्टर. चांगल्या जातीच्या रेड्या-वळूंचं बीज तो द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतो. रिकामा कॅन मांडीवर घेऊन मी काळी-पिवळी जीपमध्ये बसले.

बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात म्हैस घेऊन उभ्या असलेल्या एका काकांनी माझा भरलेला कॅन न्याहाळला.

"ताई, यात काय हाय? मुऱ्हा रेड्याचं का जाफराबादी?"

"काहीच नाही काका. नुसता थंडावा नेतेय."

"नुसता थंडावा?" काकांना माझी लई कीव आली. "मामाच भाचीला फसवायला लागला, म्हंजे कमाल झाली!"

मामा हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

दुपारी प्रयोगशाळेत परतून मोजणी लावली. थंड करताना उसळी आली. "सुटली बघ," सर म्हणाले. मी हळूहळू तापवायला घेतलं. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. आणि आली की हो! थोड्या वरच्या तापमानाला का होईना, पण रेघ झपकन खाली येऊन जुन्या वाटेला लागली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मुंबईची तयारी कर," ते म्हणाले.

मला तिथंच रडू कोसळलं. सर पार गडबडले.

"अगं, रडतेस काय! फाईल सेव्ह केलीस का आधी?"

केली नव्हती. डोळे पुसत ती सेव्ह केली आणि मग निवांत, पोटभर रडून घेतलं.