आधी थोडी आग

मी धाराशिवच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात रोपं मारते. रोप बोटभर, मोहरीच्या कुळातलं, नाव अराबिडॉप्सिस. खाता येत नाही, विकता येत नाही. पण लवकर वाढतं, आणि त्याच्या पेशींत काय चालतं हे जगभर इतकं तपासून झालंय की कुठलाही नवा प्रश्न आधी त्यालाच विचारतात. माझा प्रश्न साधा: पंचेचाळीस अंशांच्या तापात कोण मरतं, कोण जगतं आणि कशामुळं.

ऑक्टोबरच्या काहिलीत धाकटा भाऊ माझ्याकडे राहायला आला. वाशी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळ एका शेडमध्ये तो फटाक्यांत बारूद भरायचा. घासून ठिणगी पडली. शेजारी बसलेला म्हातारा जागीच गेला. भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि कोपरापर्यंतची कातडी मोजा उतरवावा तशी सोलून निघाली. दवाखान्यात पट्टी बदलताना तो असा ओरडायचा की बाहेर बसलेल्या बायका उठून जायच्या. मी क्रम लावून टाकला: सकाळी ड्रेसिंग, मग कॉलेज. त्याला घरी एकटं ठेवायचं नाही, म्हणून तोही माझ्याबरोबर प्रयोगशाळेत.

शेडमधली त्याची जागा जाऊ नये म्हणून भावजय तिथं बसायला लागली होती. त्या शेडमध्ये एक रीत होती. नव्या माणसाला दोघं-तिघं धरून ठेवत आणि मुकादम त्याच्या मनगटावर चिमूटभर बारूद पेटवी. आधी थोडी आग लागली की मोठी लागत नाही, असं तिथं सगळेच मानत. एका दुपारी भावजयीचा फोन आला; भावानं डाव्या हातानं तो स्पीकरवर टाकला.

"आतलं मांस दिसतंया ओ," ती रडत होती. "धरून ठेवलं मला. म्या वराडले तर हसले."

"झालं न्हवं? आता तुला कायबी व्हत न्हाय," भाऊ म्हणाला. "मला बी लावली व्हती. म्हणून तर वाचलो."

"अन् शेजारचे काका? त्यास्नी बी लावलीच व्हती की!"

भावानं फोन बंद केला.

त्याच आठवड्यात मी तासावर असताना लाईट गेली. रोपांची खोली एरवी गार असते, पण वर पत्रा, त्यामुळं ती चांगलीच तापली. परत येईपर्यंत लाईट आली होती, मला पत्ता लागला नाही. ठरल्याप्रमाणे मी न तापवलेली रोपं त्यांच्या बंद प्लॅस्टिकच्या डिशांसकट गरम पाण्याच्या टाकीत सोडली. ती मरायला हवी होती. काही दिवसांनी पाहते तर हिरवीगार. सगळा प्रयोग वाया.

"लाईट गेल्ती त्या दिवशी," भाऊ म्हणाला. "घामानं भिजलो मी. का ग आक्का, मेली का न्हाईत?"

मी सांगितलं. ताप वाढला की पेशीतल्या प्रथिनांचे उकडलेल्या अंड्यासारखे गोळे होतात. काही प्रथिनांचं कामच मदतीचं असतं: गोळ्यातून एकेक धागा ओढून सोडवायचा. त्यांना तयार करायचा हुकूम देणारं प्रथिन एरवी पहारेकऱ्यांच्या पकडीत असतं. ताप चढला की पहारेकरी जखमींकडे धावतात, हुकूम देणारं सुटतं आणि मदतनीस भराभर तयार होतात. आधी थोडा ताप बसला, तर मोठा ताप येईपर्यंत फौज उभी असते.

त्यानं डाव्या हातानं टेबलावर बुक्की मारली. "बघ! आमचा मुकादम सातवी नापास, पन त्याला ठावं हाय!"

"पुढचं ऐक."

"काय ऐकायचं न्हाय." लगेच त्यानं बायकोला फोन लावला. "बिनघोर बस. आक्काच्या कॉलेजात बी तसंच निघालंय."

वाद घालण्यात वेळ गेला असता. मी तीन ढीग केले: कधीच न तापवलेली रोपं, त्याच सकाळी थोडी तापवलेली आणि आठवड्यापूर्वी थोडी तापवलेली. डिशा त्यालाच टाकीत सोडायला लावल्या. निकाल दिसायला लागला तेव्हा पहिला ढीग पांढराफटक होता, दुसरा हिरवा आणि तिसरा पुन्हा पांढरा.

"ही तर तापवल्याली व्हती," तो तिसरा ढीग धरून म्हणाला.

"होती. ताप उतरला की पहारेकरी परत येतात, हुकूम थांबतो. उरलेले मदतनीस रोप स्वतःच तोडून टाकतं. फौज कायम पोसली तर वाढ खुंटते."

"म्हंजे इसरतं."

"विसरतं. आणि हे उन्हाचं झालं. बारूद फुटल्यावर ताजी फौजसुद्धा उपयोगाची नाही. मनगटावर राहतो तो नुसता डाग."

त्यानं डिश भिंतीवर फेकली. मग दुसरी, मग तिसरी. मी काचेच्या बाटल्या तेवढ्या बाजूला केल्या आणि त्याला फेकू दिलं. दमल्यावर तो खाली बसला आणि दातांनी पट्टी सोडून मनगटावरचा जुना डाग शोधायला लागला. डागाची कातडीच उरली नव्हती.

"ती आज बी बसलीया तिथं," तो म्हणाला आणि उठून सरळ स्टँडवर गेला.

संध्याकाळी दारात जीप थांबली. भावाचे पुढचे दोन दात पडले होते, कान फाटला होता, उघडा हात पुन्हा रक्तानं माखला होता. त्याला भावजयीनं धरलं होतं. तिच्या दुसऱ्या हातात बारूद ठासायचा लाकडी दट्ट्या होता.

"ह्यांनी शेडच्या दारातनं हाक मारली, म्या उठले," ती म्हणाली. "मुकादम आडवा आला. ह्यांला खाली पाडलं, वन्सं, अन् भाजल्याल्या हातावर पाय दिला. मंग म्या दट्ट्या घातला. त्येच्या मनगटावरच घातला."

"मोडलं?"

"आवाज तर आला."

भाऊ रक्ताची गुळणी थुंकून हसला. "आता बलावलं तरी जाता येत न्हाय."

मी मनात क्रम लावला: आधी टाके, मग पोलीस, मग तिच्या भाजलेल्या मनगटाचा फोटो. दट्ट्या घ्यायला हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही.